दीडशे विहिरींवरचं चर्च

सांगा पाहू, चर्च बांधायला निघालेला माणूस सगळ्यात आधी विहिरी कशाला खणेल? तीही एखाददुसरी नाही, तब्बल दीडशे?

चेन्नईत एग्मोर स्टेशनजवळ, पूनमल्ली हाय रोडला लागून सेंट अँड्र्यूज चर्च आहे. चेन्नईकर त्याला नुसतं ‘कर्क’ म्हणतात, म्हणजे स्कॉटिश बोलीत चर्च. पांढरंशुभ्र, समोर उंच खांबांची भली मोठी पडवी आणि तिच्या डोक्यावर १६६ फुटांपेक्षा उंच, वर निमुळता होत गेलेला मनोरा. १८२१ सालापासून इथे उपासना चालू आहे, आणि आजही रविवारी इथली बाकं भरतात. रस्त्यावरून जाणारा मान वर करून मनोऱ्याकडे बघतो, ‘इंग्रजांनी काय काय बांधून ठेवलंय’ असं म्हणतो आणि पुढे जातो. बिचाऱ्याला ठाऊक नसतं की खरा चमत्कार मनोऱ्यात नाहीच. तो त्याच्या पायाखाली पन्नास फुटांवर आहे, डोक्यावरच्या घुमटाच्या पोटात आहे आणि ज्या खांबांना तो संगमरवर समजेल त्या खांबांच्या कातडीत आहे.

या चर्चची कोनशिला ६ एप्रिल १८१८ ला बसली. तारीख मराठी माणसाला अस्वस्थ करणारी आहे. त्याच दिवसांत दुसरा बाजीराव इंग्रजी फौजांना चुकवत पळत होता, शरण जायला त्याला अजून दोन महिने होते. इकडे एक राज्य बुडत होतं आणि तिकडे मद्रासला कंपनी सरकार स्वतःच्या तिजोरीतून एक चर्च उभारत होतं. पण थांबा, मद्रासला चर्च काय कमी होती? किल्ल्यात सेंट मेरीज होतं. दोनच वर्षांपूर्वी सेंट जॉर्जचं मोठं नवं चर्च उभं राहिलं होतं. मग आणखी एक कशाला?

त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश लोकांचा भरणा जबरदस्त होता. लष्करात, हिशेबात, डॉक्टरकीत, जिकडे बघाल तिकडे स्कॉटिश. आपला एल्फिन्स्टन स्कॉटिश, आणि हे चर्च उघडलं तेव्हा मद्रासचा गव्हर्नर असलेला टॉमस मन्रोही स्कॉटिश. आता स्कॉटलंडच्या धर्मव्यवस्थेत एक वेगळेपण आहे. १५६० नंतर तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाने बिशपांनाच रजा देऊन टाकली. मंडळीचा कारभार कोणी एक धर्माधिकारी बघत नाही. मंडळीने निवडलेले वडीलजन आणि पाळक एकत्र बसून बघतात, आणि त्या बैठकीत पाळकाच्या मताला वडीलजनांच्या मतापेक्षा जास्त वजन नसतं. राजेशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, ही कल्पना! तिच्यापायी स्कॉटलंडात लढाया झाल्या, माणसं मेली.

१८१३ मध्ये कंपनीची सनद पुन्हा मंजूर झाली तेव्हा तिच्यात कलकत्त्याला एक अँग्लिकन बिशप नेमायची तरतूद आली. स्कॉटिश मंडळी खवळली. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक झाले ते बरोबरीच्या नात्याने, मग सरकारी खर्चाने बिशप त्यांचा आणि आमचं काहीच नाही? शेवटी ठरलं की कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत कंपनी एकेक स्कॉटिश पाळक नेमेल. तिघेही आले आणि तिन्ही शहरांत चर्च उभी राहिली. तिन्ही चर्चचं नाव एकच, सेंट अँड्र्यू, म्हणजे स्कॉटलंडचा संत. मद्रासच्या अँग्लिकन चर्चला इंग्लंडच्या संताचं, जॉर्जचं नाव आधीच मिळालं होतं. शह-काटशह असे नावापासूनच.

कलकत्त्यात तर प्रकरण फारच रंगलं. तिथले स्कॉटिश पाळक जेम्स ब्राइस आणि बिशप मिडलटन यांचं मुळीच पटत नसे. स्कॉटिश चर्चवर उंच मनोरा चढवायला बिशपने हरकत घेतली. गोष्ट अशी सांगतात की ब्राइसनी मनोरा तर चढवलाच, शिवाय त्याच्या टोकावर कोंबडा बसवला, का तर त्याने बिशपच्या डोक्यावर आरवावं म्हणून! गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडा, कोंबडा मात्र खरोखर बसला. आणि वाद नुसता मनोऱ्यांचा नव्हता. स्कॉटिश पाळकाने लावलेलं लग्न हिंदुस्थानात कायदेशीर धरायचं की नाही, यावरून इतका घोळ झाला की १८१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

मद्रासचा मनोराही सेंट जॉर्जपेक्षा उंच निघाला. आणि गंमत बघा, दोन्ही चर्च बांधून घेणारा माणूस एकच होता.

त्याचं नाव टॉमस फियट डी हॅविलंड, मद्रास इंजिनिअर्समधला अधिकारी. हा माणूस कमानींच्या नादाने झपाटलेला होता. श्रीरंगपट्टणला असताना त्याने कावेरीवर विटांच्या मोठमोठ्या कमानींचा पूल सुचवला. एवढ्या लांबीची, इतकी चपटी विटांची कमान उभी राहील यावर कोणाचा विश्वास बसेना. मग या गृहस्थाने काय करावं? आपल्या बंगल्याच्या बागेतच एक कमान बांधून दाखवली. लांबी ११२ फूट, आणि मधोमध उंची अवघी ११ फूट! खाली ना नदी, ना वर रस्ता. नुसती कमान, म्हणणं सिद्ध करण्यासाठी. ती एकशे पंचवीसहून अधिक वर्षं तशीच उभी होती आणि १९३७ मध्ये कोसळली. पूल झालाच नाही. पण चपट्या कमानीचं ते वेड पुढे मद्रासला कामाला आलं, ते कसं, हे थोड्या वेळाने बघू.

आधी नकाशा. तो आला कुठून? जेम्स गिब्ज नावाच्या स्थापत्यकाराने १७२० च्या दशकात लंडनला सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे प्रसिद्ध चर्च बांधलं. पण त्याआधी त्याने त्याच जागेसाठी एक वेगळंच चर्च रेखाटलं होतं. ते चक्क गोल होतं. आत खांबांचं कडं, वर घुमट, पुढे पडवी आणि पडवीच्या डोक्यावर मनोरा. सगळ्यांना ते आवडलं, पण खर्च झेपणार नाही म्हणून बाद झालं आणि लांबट चर्च उभं राहिलं. गिब्ज मात्र हुशार. १७२८ मध्ये त्याने आपल्या रचनांचं जे जाडजूड पुस्तक छापलं, त्यात ती बाद झालेली चित्रंही घातली. हे पुस्तक जहाजांवरून जगभर गेलं. दूरदूरच्या वसाहतींत, जिथे धड स्थापत्यकार मिळत नसे तिथे, लोक पुस्तक उघडून चर्च बांधू लागले. मद्रासच्या चर्चचा आराखडा गिब्जच्या त्या गोल चित्रांशेजारी ठेवून बघा, नातं लपत नाही. लंडनला जे परवडलं नाही ते नव्वद वर्षांनी एग्मोरला उभं राहिलं! यात आणखी एक मेख आहे. गिब्ज जन्माने स्कॉटिश, ॲबर्डीनचा. पण धर्माने कॅथलिक, आणि तारुण्यात रोमला गेला होता तो धर्मगुरू व्हायला. पोपचं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळाला आठ्या पडत त्या पंथाचं हे देखणं चर्च एका कॅथलिकाच्या पुस्तकातून आलं.

गोल आकार निवडला तो नुसता देखणेपणासाठी नाही. प्रेस्बिटेरियन उपासनेचा कणा म्हणजे उपदेश. पाळक बायबलमधला उतारा घेऊन बोलतो आणि मंडळी ऐकते. लांबलचक चर्चमध्ये शेवटच्या बाकावरच्या माणसाला पाळक दिसतो बोटाएवढा आणि ऐकू येतो त्याहून कमी. गोल सभागृहात कोणीच फार लांब नसतो. शिवाय सगळ्यांना सगळे दिसतात. ज्या पंथात कारभार गोल बसून चालतो त्याला गोल सभागृह शोभतंही. हे शेवटचं माझं मत, पुरावा मागू नका.

आता विहिरी.

एग्मोरची जमीन कूवम नदीच्या काठची, भुसभुशीत आणि पाण्याने भरलेली. त्यावर विटा-चुन्याचं हजारो टनांचं ओझं ठेवायचं. साधा चर खणावा तर कडा ढासळतात, पाणी भरतं, आणि बांधलेली भिंत पुढच्या पावसाळ्यात एकीकडे खचते. एकीकडे थोडं खचणं तर सारखं खचण्यापेक्षा वाईट, कारण मग घुमटाला तडे जातात. आजचा इंजिनिअर इथे यंत्राने खोल काँक्रीटचे खांब उतरवेल. १८१८ मध्ये ते यंत्रही नव्हतं आणि ते काँक्रीटही नव्हतं.

पण तमिळ मुलखात विहिरी होत्या. कशा? भाजलेल्या मातीची गोल कडी एकावर एक रचून केलेल्या. मदुराईजवळच्या कीळडीच्या उत्खननात अशा दोन हजार वर्षांपूर्वीच्या विहिरी सापडल्या आहेत. वाळूत विहीर खणायची युक्ती ऐका. जमिनीवर एक कडं ठेवायचं. माणसाने त्याच्या आत उतरून तळाची माती काढत राहायचं. माती निघते तसं कडं आपल्या वजनाने खाली उतरतं. वर दुसरं कडं ठेवायचं, पुन्हा खणायचं. म्हणजे खड्डा आधी आणि भिंत नंतर, असं नाहीच. भिंतच खड्ड्यात उतरत जाते आणि ढासळायला वाळूला वावच उरत नाही! ज्याने पहिल्यांदा हे शोधलं त्याचं नाव इतिहासात नाही, पण डोकं बघा केवढं.

डी हॅविलंडने हेच केलं. चर्चच्या भिंती आणि खांब जिथे यायचे तिथे या पद्धतीने सुमारे दीडशे विहिरी उतरवल्या. काही १४ फुटांवर घट्ट जमिनीला टेकल्या, काहींना ५० फूट जावं लागलं. मग पाणी भरायच्या त्या विहिरी भरीव करून बुजवल्या आणि त्यांच्या माथ्यावर पाया घेतला. विहिरीचा उलटा विचार केला की ती खांब होते. पाणी वर काढायची सोय होती, आता वजन खाली पोचवायची झाली.

ही युक्ती साहेबाने आणलेली नव्हती. यमुनेच्या काठच्या ताजमहालालाही नदीच्या बाजूने विहिरींचाच आधार आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या मोठ्या नद्यांवर रेल्वेचे पूल घालायची वेळ आली तेव्हा ब्रिटिश इंजिनिअरांनी हीच पद्धत उचलली, वाढवली, तिचे हिशेब मांडले. आजही वाळूच्या पात्रातल्या आपल्या कित्येक पुलांचे खांब ‘वेल फाउंडेशन’वर उभे असतात. रेल्वेने गंगा-यमुना ओलांडताना खाली जे आहे ते मुळात गावातल्या विहीर खणणाऱ्याचं ज्ञान आहे, एवढं लक्षात असू द्या.

पाया झाला, आता वर बघू. आणि वर बघताना खरंच तोंडाचा आ होतो. सभागृहाचा गोल ८१.५ फूट व्यासाचा. त्याच्या आत १६ खांबांचं कडं, उभ्या पन्हळी कोरलेले आणि माथ्यावर पानांची नक्षी असलेले. त्या खांबांवर टेकलेला ५१.५ फूट व्यासाचा घुमट. गडद निळा, त्यावर सोनेरी तारे. दोन हजार चौरस फुटांहून मोठं आकाश आणि त्याच्या खाली मधोमध एकही आधार नाही. आणि हा घुमट उंच फुगलेला नाही, चांगलाच चपटा आहे.

चपटेपणाचं काय एवढं? कणकेच्या गोळ्यावर तळवा दाबा. तो खाली बसतो आणि बाजूंना पसरतो. घुमटही स्वतःच्या वजनाने तेच करू बघतो. त्याच्या कडा बाहेर रेटा देत असतात. घुमट जितका चपटा, तितका हा रेटा जास्त. या रेट्याने सडपातळ खांब बाहेर कलले की संपलंच. रोमच्या पँथिऑनमध्ये हा रेटा वीस फूट जाडीच्या भिंतीने पेलला आहे. इथे तर घुमटाखाली भिंतच नाही, नुसते खांब!

डी हॅविलंडने खांबांच्या कड्यापासून बाहेरच्या गोल भिंतीपर्यंत एक कमान टाकली आणि ती कमान संपूर्ण गोलभर फिरवली. घुमट बाहेर रेटतो आणि ही फिरती कमान त्याला बाहेरून आत उलट रेटते. दोघांची कुस्ती बरोबरीत सुटते, आणि मधल्या खांबांना उरतं ते फक्त सरळ खाली जाणारं वजन. ते पेलायला खांब समर्थ असतात. बागेतल्या त्या वेड्या कमानीतून त्याने जे शिकून ठेवलं होतं ते इथे असं उपयोगी पडलं. मुळात वजनच कमी असेल तर आणखी बरं. म्हणून घुमटाची चौकट विटांची केली आणि मधल्या जागा भरल्या मातीच्या पोकळ शंकूंनी. कुंभाराने चाकावर केलेले, भट्टीत भाजलेले शंकू! विटेएवढी जागा भरायची पण आत हवा. इटलीतल्या रावेन्नाच्या सहाव्या शतकातल्या चर्चच्या घुमटातही मातीच्या पोकळ नळ्या आहेत, आणि डी हॅविलंडच्या थोडं आधी जॉन सोन या स्थापत्यकाराने बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीत अशीच मातीची पोकळ भांडी वापरली होती. म्हणजे कल्पना फिरत होती. कुंभार मात्र इथलाच.

लाकडी छत केलं असतं तर हा सगळा खटाटोप वाचला असता. पण मद्रासची वाळवी किती वर्षं वाट बघते?

आता एखाद्या खांबाजवळ जा. अगदी जवळ, हातभर अंतरावर. पृष्ठभाग दुधाळ पांढरा आणि तुकतुकीत. खिडकीतला उजेड त्यावर पसरतो, नुसता पडत नाही. तळवा टेकवला तर बाहेरच्या उकाड्यातही गार लागतो. सांधा शोधा, सापडणार नाही. संगमरवराला असतात तशा शिराही दिसणार नाहीत, कारण हा दगडच नाही. आत विटा आहेत आणि वर आहे ‘मद्रास चुनम’.

हा चुना समुद्रावरच्या शिंपल्यांचा. शिंपले भट्टीत भाजायचे, विझवायचे, चाळायचे, दळायचे. गिलाव्याचे थर एकावर एक चढवायचे, आणि शेवटच्या थराला अंड्याचा पांढरा बलक, दही, तूप! गुळाचं पाणीही चुन्यात जाई. कोणाला ही भाकडकथा वाटेल, तर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७३२ मध्येच मद्रासच्या चुन्याची कृती छापून आली होती. गूळ घातलेल्या चुन्याची आपल्याला नवलाई नको. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या बांधकामात बैल जुंपलेल्या घाणीत चुना मळताना गूळ पडतच असे. मद्रासच्या कारागिराची खरी करामत पुढची. शेवटचा थर ओला असतानाच तो गुळगुळीत दगडाने घोटायला घेई. तासन्‌तास. त्यावर शंखजिऱ्याची पूड दाबून पुन्हा घोटायचं. पृष्ठभागावरची बारीकशी छिद्रं मिटेपर्यंत, अंगची चमक बाहेर येईपर्यंत.

आता यातलं रसायन बघा, कारण सगळ्यात मोठं नवल मला तिथे वाटतं. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो फसफसत फुटतो, विझतो. हा विझलेला चुना भिंतीवर चढला की सावकाश हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊ लागतो, आणि पुन्हा होतो काय? कॅल्शियम कार्बोनेट! म्हणजे भट्टीत शिंपल्याने जे हवेला दिलं ते भिंतीवर बसून त्याने हवेकडून परत घेतलं. रसायनाच्या हिशेबाने बघितलं तर त्या खांबाची कातडी आज एक उंचच उंच शिंपलाच आहे. गुळातली साखर चुना पाण्यात जास्त विरघळवते, अंड्यातली प्रथिनं त्याला चिकटवून ठेवतात, तुपातला स्निग्धांश पाण्याला वाट देत नाही. घोटणाऱ्याला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, तरी परिणाम त्याला तंतोतंत माहीत होता. आणि डी हॅविलंडचं नाव पुस्तकात आहे, विहीर उतरवणाऱ्याचं, कुंभाराचं आणि या घोटणाऱ्याचं नाही. हे मला नीट वाटत नाही.

आत आलाच आहात तर इतर गोष्टींवरूनही नजर फिरवा. काळ्या-पांढऱ्या संगमरवरी फरश्यांचा बुद्धिबळाच्या पटासारखा जमिनीचा नक्षा. महोगनीची बाकं, आणि त्यांच्या बैठकी वेताच्या विणकामाच्या. या विणकामाला बारीक षट्कोनी भोकं असतात, त्यामुळे दीड तास बसलं तरी अंगरखा पाठीला चिकटत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत असली बैठक कोणी केली नसती. भोवतीची उंच दारं झडपांची, म्हणजे ऊन बाहेर आणि वारा आत. एकेक वस्तू पाहत गेलं की कळतं, साहेबाचा नकाशा मद्रासला उतरला आणि मद्रासने त्याला आपले कपडे घातले.

एका बाजूला फिकट हिरव्या-सोनेरी रंगाचा उंच ऑर्गन आहे. यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डच्या पीटर कोनॅकर कंपनीने बनवलेला, १८८३ मध्ये बसवलेला. १८८३? चर्च तर १८२१ चं! मग मधली साठ वर्षं काय वाजत होतं? काहीच नाही. स्कॉटिश चर्चमध्ये वाद्याला बंदी होती. एक जण स्तोत्राची ओळ उचलून देई, मंडळी मागून म्हणे. एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये १८६० च्या दशकात तिथल्या पाळकांनी हार्मोनियम आणली तर केवढा गदारोळ झाला! जी पेटी आपल्याकडे भजनाच्या गळ्यात गळा घालून बसली तिच्यावरून स्कॉटलंडात धर्मसभा भरल्या. ते वादळ शमलं तेव्हा कुठे ऑर्गनला मद्रासची वाट मोकळी झाली.

याच चर्चच्या पदरात आणखी एक गोष्ट आहे, विटांची नाही. १८३५ मध्ये इथल्या दोन पाळकांनी, जॉर्ज लॉरी आणि मॅथ्यू बोवी यांनी, एक शाळा काढली. दोन वर्षांनी स्कॉटलंडहून आलेल्या जॉन अँडरसनने ती हाती घेतली. त्याच शाळेचं पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज झालं, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन तिथेच शिकले. साधारण त्याच काळात मुंबईला जॉन विल्सन शाळा काढत होते, त्याचं विल्सन कॉलेज झालं. १८४३ मध्ये स्कॉटलंडमधलं चर्चच दुभंगलं आणि मिशनरी बाजूला झाले, चर्चच्या इमारती जुन्या बाजूकडे राहिल्या. त्या भांडणाची कथा लांब आहे, इथे नको.

त्याहून मजेदार शेवट मद्रासच्या चर्चचा. २७ सप्टेंबर १९४७ ला अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन असे निरनिराळे पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झालं. समारंभ कुठे झाला? सेंट जॉर्जमध्ये, त्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे. आज कर्कही त्याच संस्थेत आहे. आणि या संस्थेत बिशप असतात. ज्यांनी बिशप नको म्हणून वेगळं चर्च मागून घेतलं, त्यांच्या गोल सभागृहात आज बिशप येतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. जॉर्ज आणि अँड्र्यूचं भांडण भारतात येऊन मिटलं.

चेन्नईपर्यंत जायला जमणार नसेल तर मुंबईकरांनी काळा घोड्याच्या बाजूला लायन गेटपाशी जावं. तिथे या चर्चचं सख्खं भावंड आहे, १८१९ मध्ये उघडलेलं सेंट अँड्र्यूज, आता सेंट अँड्र्यूज अँड सेंट कोलंबा. १८२६ मध्ये त्याच्या मनोऱ्यावर वीज पडली आणि तो नव्याने बांधावा लागला. जवळच एके काळी बर्फाचं कोठार होतं. अमेरिकेच्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजाने मुंबईला येई आणि तिथे साठवला जाई. रोज हजारो लोक या चर्चवरून जातात. त्यातल्या किती जणांनी थांबून वर बघितलं असेल, देव जाणे.

चेन्नईला गेलात तर मात्र एग्मोरला उतरून चालत जा, कर्क जवळच आहे. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा आणि मोबाइल खिशात ठेवा, कारण ते संग्रहालय नाही. उपासना संपली की एखाद्या खांबाला हात लावून बघा, आणि तो कशाचा आहे हे शेजारच्या माणसाला सांगा. तो विश्वास ठेवणार नाही, तरी सांगा.